धार-देवासची कारखानदारी आणि आपली मुले
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



महोत्सवात एक व्याख्यान मी द्यावे असा विश्वस्तांचा निरोप आला, तेव्हा 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषयही त्यांनीच नेमून दिला होता. या विषयावर मी वर्गात रोजच बोलतो आणि मुले रोजच जांभया देतात. तेव्हा विषय बदलून द्यावा अशी विनंती मी केली आणि ती मान्य झाली, याबद्दल प्रथम आभार मानतो.

बदलून मागितलेल्या विषयाला कारण आहे. महोत्सवाच्या निमित्ताने जो निधी जमला आहे, तो कशाला लावावा हा प्रश्न सध्या आपल्या ट्रस्टपुढे आहे. सभागृहावर दुसरा मजला चढवावा असे काहींचे मत आहे, शिष्यवृत्त्या वाढवाव्यात असे काहींचे; आणि शिष्यवृत्ती द्यायची तर ती बी. ए., बी. कॉम.च्या मुलांना की हाताचे काम शिकणाऱ्यांना, यावरही एकमत नाही. या वादाचा निकाल लावण्यापूर्वी आपल्या दाराशी जे कारखाने चाळीस-पन्नास वर्षे उभे आहेत त्यांच्याकडे एकदा नीट पाहावे, असे मला वाटते.

आपण धार आणि देवास या दोन जिल्ह्यांतली माणसे. आपल्या कितीतरी घरांतून कोणी ना कोणी पहाटेची बस धरून पीथमपूरला नाहीतर देवासच्या औद्योगिक क्षेत्रात जातो. कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर रोजगार आला, एवढे आपण जाणतो. पण कारखान्याबरोबर आणखी एक वस्तू येते किंवा येत नाही. ती म्हणजे काम अधिक चांगले करण्याची विद्या. सरकारने जमीन, रस्ता, वीज आणि करांत सूट देऊन अनेक कारखाने एके ठिकाणी वसविले, म्हणजे ते कारखाने अधिक हुशार होतात काय? त्यांतून नवी कल्पना, नवा माल निघतो काय? एका माणसाच्या हातून पूर्वीपेक्षा जास्त आणि निर्दोष काम होऊ लागते काय? आणि या हुशारीतला काही वाटा शेजारच्या वस्तीला मिळतो की तो भिंतीच्या आतच राहतो? आजचे माझे बोलणे एवढ्यापुरतेच आहे.

राजाश्रयाने कारखाना उभा राहणे ही मराठी मुलखाला नवी गोष्ट नव्हे. बेळगावची जागा सोडण्याची पाळी लक्ष्मणराव किर्लोस्करांवर आली, तेव्हा १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळच्या माळावर जमीन दिली आणि कर्जही दिले. निवडुंग माजलेल्या त्या माळावर लोखंडी नांगर तयार होऊ लागले. इचलकरंजीला १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग चालविला, त्यामागे तिथले जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे उत्तेजन होते. दोन्ही ठिकाणी आश्रय मिळाला, दोन्ही ठिकाणी भरभराट झाली. पण फळ निराळे आले. किर्लोस्करवाडी ही एका मोठ्या कारखान्याची वसाहत झाली. इचलकरंजी हे शेकडो मागवाल्यांचे गाव झाले. तिथे एकाकडे काम शिकलेला माणूस उद्या चार माग घेऊन स्वतःचा धंदा मांडतो, त्याचा माग बिघडला तर गल्लीतलाच कोणी दुरुस्त करतो, आणि कोणी नवी किनार काढली तर आठ दिवसांत ती चार घरी दिसते. पहिला मनुष्य यामुळे चिडतो खरा, पण गाव पुढे जाते. आपल्या बिरादरीतल्या अनेकांचे नातेवाईक मालेगावला आहेत. त्यांना हे चित्र मी वर्णन करून सांगायला नको.

या गोष्टीची शास्त्रीय मांडणी केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली केली. एकाच धंद्याचे लोक एके ठिकाणी का गोळा होतात, याची तीन कारणे त्यांनी दिली. कच्चा माल व सुटे भाग पुरविणारे जवळ येतात. कसबी कामगार सहज मिळतात, आणि कामगारालाही एक दार बंद झाले तर दुसरे उघडे असते. तिसरे कारण असे की धंद्यातल्या खुब्या कोणी मुद्दाम शिकविल्याशिवायच एकाकडून दुसऱ्याकडे जातात. शंभर वर्षांनी, म्हणजे १९९० साली, अमेरिकेतील मायकेल पोर्टर यांच्या ग्रंथामुळे 'क्लस्टर' हा शब्द सरकारी कागदपत्रांत रूढ झाला. तेव्हापासून जो तो मंत्री क्लस्टर काढतो आहे. पण मार्शल यांनी पाहिलेले धंदे आपोआप रुजलेले होते. सरकार जेव्हा रोप आणून लावते तेव्हा त्याला पहिली दोन मुळे बहुधा फुटतात. तिसरे फुटेलच असे सांगता येत नाही.

नुसत्या शेजाराने काही होत नाही, हे देवासकरांना तरी पटावे. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने पिढ्यानुपिढ्या नांदली. दरबार वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, शिपाईप्यादे वेगळे. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांना या गोष्टीचे मोठे नवल वाटले होते. ओसरीला ओसरी लागलेली होती. म्हणून काही दोन्ही घरांचा स्वयंपाक एका चुलीवर झाला नाही. आजच्या औद्योगिक क्षेत्रांतून हिंडताना मला पुष्कळदा या दोन पात्यांची आठवण होते. एका बाजूला औषधांचा कारखाना, पलीकडे सोयाबीनचे तेल, त्याच्या पलीकडे दातेरी चाके. मध्ये उंच भिंती, आणि प्रत्येकाच्या फाटकावर पहारेकरी.

आता पीथमपूरकडे वळू. हे उघडच लावलेले रोप. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत त्याची उभारणी झाली. धार हा उद्योगात मागासलेला जिल्हा, म्हणून इथे येणाऱ्याला अनुदान आणि विक्रीकरात सूट. आणि जागा मात्र धार जिल्ह्याच्या अशा टोकाला निवडलेली की इंदूर आणि महू हाकेच्या अंतरावर. सवलत धारची आणि सोय इंदूरची, असा तो हिशेब होता. राज्य सरकारच्या औद्योगिक केंद्र विकास निगमाने भूखंड पाडले, आणि पाहता पाहता मोटारगाड्यांचे कारखानदार आले. बजाज टेम्पो आली, जिचे नाव पुढे फोर्स मोटर्स झाले. कायनेटिक होंडा आली. या दोन्ही पुण्याकडच्या, फिरोदिया घराण्याशी संबंध असलेल्या. म्हणजे पीथमपूरच्या पायात मराठी दगड आहेत. जपानच्या मित्सुबिशीच्या साहाय्याने ट्रक बनविणारी आयशर आली. हिंदुस्तान मोटर्सने इथे इंजिनांचा कारखाना काढला. पुढे १९९८ मध्ये जिल्ह्यातल्याच खेडा येथे ब्रिजस्टोनने टायर काढण्यास प्रारंभ केला. वर्तमानपत्रांनी पीथमपूरला 'भारताचे डेट्रॉइट' म्हणून टाकले. खुद्द डेट्रॉइटची पुढे काय दशा झाली हे पाहता ही उपमा आता कोणी फारशी अभिमानाने देऊ नये!

सवलतींनी कारखाने आले. पण सवलतींना मुदत असते, आणि मुदत सरली की खरी परीक्षा सुरू होते. काही कारखाने गेले, काहींची नुसती शेड उरली. जे टिकले ते का टिकले, याचे उत्तर मला एका कारखान्याच्या इतिहासात सापडते, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो.

कायनेटिक आणि जपानच्या होंडाची भागीदारी १९८४ सालची. गिअर बदलण्याची कटकट नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी त्यांची स्कूटर या देशात अगदी नवी वस्तू होती. लाथ मारून स्कूटर सुरू करण्याचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना या बटणाची किंमत कळेल. बायकांनी स्कूटर चालविण्याची रीत पडण्यात या गाडीचा वाटा मोठा आहे. १९९८ मध्ये होंडा भागीदारीतून बाहेर पडली. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकीचा व्यवसाय महिंद्राने घेतला. लोक म्हणाले, आता संपले. पण २०१८ मध्ये याच पीथमपूरच्या कारखान्यातून जावा मोटारसायकली बाहेर पडू लागल्या, आणि त्यांच्यामागोमाग २०२२ मध्ये येझदी आली. म्हणजे फाटकावरची पाटी तीनदा बदलली, गाड्या बदलल्या, तरी काम थांबून कायमचे गेले नाही. असे का व्हावे? जमीन आणि छप्पर तर ओसाड माळावरही मिळते. या आवारात आणि आवाराबाहेर इंजिन जुळविणारे, साचे दुरुस्त करणारे, रंगाचा थर डोळ्यांनी ओळखणारे, सुटे भाग वेळेवर पोचविणारे लोक तयार झालेले होते. नव्या मालकाला हे सारे आयते मिळाले. मार्शल यांनी सांगितलेले दुसरे मूळ इथे चांगले खोल गेले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

आयशरची गोष्ट आणखी पुढची आहे. २००८ मध्ये स्वीडनच्या व्होल्वोशी तिची भागीदारी झाली आणि २०१३ मध्ये पीथमपूरला इंजिनांचा नवा कारखाना सुरू झाला. 'युरो सहा' या कडक प्रदूषण-मर्यादेत बसणारी इंजिने इथून व्होल्वोसाठी युरोपला जाऊ लागली. आपल्या देशात तशाच दर्जाचा 'भारत स्टेज सहा' हा नियम लागू झाला एप्रिल २०२० मध्ये. म्हणजे आपल्या रस्त्यावर ज्या स्वच्छ इंजिनाची सक्ती व्हायला अजून सात वर्षे होती, ते धार जिल्ह्यातला कामगार परक्यांसाठी बनवीत होता. असे इंजिन बनविताना माप चुकून चालत नाही. त्यामुळे भाग पुरविणाऱ्या लहान कारखानदारालाही आपले मापाचे साधन, आपली तपासणी, आपला कामगार सुधारावा लागतो. ग्राहक कडक असला की पुरवठादार शहाणा होतो. सरकारी अनुदानाने हे घडत नाही. ग्राहकाच्या नकाराने घडते. फक्त एवढेच की ग्राहक आणि पुरवठादार जवळजवळ असले तर नाकारलेला नग हातात घेऊन पुरवठादार त्याच दुपारी येऊन विचारू शकतो, 'साहेब, कुठे चुकले ते दाखवा.' तोच नग सहाशे किलोमीटरवरच्या पुण्याहून आला असेल तर पत्रव्यवहार होतो आणि पत्रव्यवहारातून कोणी फारसे शिकत नाही.

सरकारने केलेली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. ती म्हणजे पीथमपूरजवळचा 'नॅट्रॅक्स' हा गाड्यांच्या कसोटीचा मार्ग. त्याचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा लंबवर्तुळाकार पट्टा २९ जून २०२१ रोजी त्या वेळचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते सुरू झाला. आशियातला हा सर्वांत लांब असा पट्टा म्हणून तेव्हा त्याचा गौरव झाला. अशा कसोटीसाठी पूर्वी गाड्या परदेशी धाडाव्या लागत. हजार एकरांचे हे काम कोणा एका कंपनीला परवडणारे नाही, आणि एकीने केलेच असते तर दुसरीला आत येऊ दिले नसते. जे एकट्याला झेपत नाही आणि सर्वांना लागते, ते सरकारने करावे. केंद्र सरकारने २००३ साली औद्योगिक सुविधा सुधारण्याची जी योजना आखली, तिच्यातून चिंचवडला आणि पीथमपूरला मोटार-उद्योगाचे क्लस्टर निघाले, त्यामागेही सामायिक सोयींचा हाच विचार होता. लहान कारखानदाराजवळ धातू तपासण्याचे यंत्र नसते. सर्वांसाठी एक असले तर तो निदान आपल्या मालाची प्रत जाणू शकतो.

इतर देशांचा अनुभव काय सांगतो? फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्थानिक उद्योगसमूहांना मदत देण्याची योजना काढली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की मदत बहुतेक उतरणीला लागलेल्या धंद्यांकडे गेली आणि कारखान्यांच्या उत्पादकतेवर तिचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. जपानने २००१ मध्ये अशीच योजना हाती घेतली. तिथल्या संशोधकांनी पेटंटांवरून हिशेब मांडला. योजनेत नाव घातले एवढ्याने कोणाच्या संशोधनाची गती वाढली नव्हती; ज्यांनी आपल्या विभागाच्या बाहेरील विद्यापीठांशीही संबंध जोडले त्यांना लाभ झाला होता. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. गावातल्या गावात सोयरिकी करीत राहिलेल्या घराण्यासारखे क्लस्टरचेही होते. बाहेरून सून आली पाहिजे. पीथमपूरला होंडा, मित्सुबिशी, व्होल्वो या बाहेरच्या सुना आल्या म्हणून तिथे काही शिकले गेले.

देवासचा नमुना याहून वेगळा आहे. तिथे किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप होतात, गजरा गिअर्सची दातेरी चाके होतात, टाटांचे चामड्याचे काम आहे, औषधे आहेत. आणि तिथे १९७४ सालापासून नोटा छापणारा सरकारी कारखाना आहे, ज्याच्या आवारात शाईही तयार होते. छपाई आणि शाई यांचे इतके बारीक ज्ञान मध्य प्रदेशात दुसरीकडे क्वचितच असेल. पण त्या ज्ञानाचा कणही बाहेर जाता कामा नये, हाच त्या कारखान्याचा धर्म आहे. आणि तो योग्यच आहे, नाहीतर देवासच्या गल्लीगल्लीत नोटा छापल्या गेल्या असत्या. मुद्दा असा की कारखाना कितीही थोर असला तरी त्याच्या विद्येला बाहेर येण्याची वाट आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. पंपाच्या ओतकामाला अशी वाट आहे. पंपाच्या कारखान्यात राबलेला ओतारी उद्या स्वतःची लहान भट्टी घालू शकतो.

ही वाट माणसाच्या पायांची आहे. विद्या कागदावरून थोडी जाते. बहुतेक ती माणसाबरोबर चालत जाते. आणि इथेच आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मोठा अडथळा आहे.

माझा एक विद्यार्थी आहे, गणितात चलाख. बारावीनंतर तो एका कारखान्यात लागला. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका कारखान्याचा नाही. तो कामाला होता ठेकेदाराचा. काही महिन्यांनी ठेका बदलला, हा दुसऱ्याच्या वहीत गेला, मग तिसऱ्याच्या. चार वर्षे त्याने एकाच जागी उभे राहून एकाच मापाचे बोल्ट आवळले. मी त्याला विचारले, 'अरे, तुझ्या आधी त्या भागावर काय काम होते?' म्हणाला, 'सर, तिकडे जाऊ देत नाहीत.' 'तुझ्या कामात काही सुधारणा सुचली का कधी?' म्हणाला, 'सुचली होती. पाना वर टांगला तर दर वेळी वाकावे लागणार नाही. पण सांगायचे कोणाला? सुपरवायझर कंपनीचा, मी ठेकेदाराचा.'

बंधूंनो, उत्पादकता कशाने घटते याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला कोणत्याही ग्रंथात मिळालेले नाही. जपानी कारखान्यांचा जो लौकिक आहे तो मजुराने सुचविलेल्या असल्याच बारीकसारीक गोष्टींवर उभा आहे. ज्या पीथमपूरला तीन-तीन जपानी कंपन्यांशी संबंध आला, तिथेच एका मुलाची सूचना चार वर्षे त्याच्या ओठांत राहते. काही महिन्यांपुरता असलेला माणूस काम शिकत नाही आणि मालकही त्याला शिकवीत नाही, कारण शिकवून तो उद्या दुसऱ्याकडे जाणार. दोघांचेही वागणे आपापल्या जागी शहाणपणाचे दिसते, आणि नुकसान सर्वांचे होते. वरिष्ठ मंडळी संध्याकाळी गाड्यांतून इंदूरला परततात. त्यांची मुले इंदूरच्या शाळांत शिकतात. पीथमपूरच्या खोल्यांतून राहतो तो बदली मजूर. मग कारखान्यातली गोष्ट गावाच्या कानावर पडणार कशी?

कारखाने एकत्र आले की त्यांच्या गरजा आणि त्यांची घाणही एकत्र येते, हेही सांगितले पाहिजे. देवासला पाण्याचा इतका दुष्काळ झाला होता की आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पुढे उद्योगांसाठी सव्वाशे किलोमीटरच्या नळातून नर्मदेचे पाणी आणले गेले. पीथमपूरच्या बाबतीत १ जानेवारी २०२५ ची रात्र कोण विसरेल? भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्या रात्री निघाला आणि दुसऱ्या दिवशी पीथमपूरला पोचला. तारापूर गावाजवळच्या सामायिक कचरा-प्रकल्पात तो जाळायचा होता. लोक रस्त्यावर आले, निदर्शनांत दोघे जण भाजले. जूनअखेरपर्यंत तो सर्व जाळून झाला, आणि धूर मर्यादेत होता असे अधिकाऱ्यांनी सांगितले. तो हिशेब तज्ज्ञांचा आहे. मला त्या दिवसांत जाणवले ते एवढेच की चाळीस वर्षे शेजारी राहून त्या भट्ट्यांत काय होते हे वाचून समजू शकेल, लोकांना आपल्या भाषेत समजावून सांगू शकेल, असा आपला एकही मुलगा तिथे नव्हता. होता तो फाटकावर पहारा करीत होता.

याच जिल्ह्यात मार्शल साहेबांना आवडले असते असे एक आपोआप रुजलेले रोपही आहे, आणि ते आपल्याच बिरादरीच्या खत्री मंडळींचे आहे. बागच्या छपाईविषयी बोलतो आहे. सिंधमधून निघालेली ही घराणी फिरत फिरत बागला स्थिरावली, कारण तिथल्या नदीच्या पाण्यात लाल आणि काळा रंग उजळून निघतो. फटकी आणि लोखंडाचा गंज, धावड्याची फुले, उकळता तांब्याचा हंडा, वाहत्या पाण्यात धुणे, एवढे त्यांचे भांडवल. पूर्वी हे कापड मुख्यतः आदिवासी बायकांच्या पेहेरावाचे होते. त्या पेहेरावाची जागा गिरणीचे स्वस्त कापड घेऊ लागले, तेव्हा इस्माईल सुलेमान खत्री यांनी जुने ठसे साड्यांवर, चादरींवर उतरविले, आणि धंदा वाचला. इतकेच नव्हे, बाहेरच्या मुलांना, आदिवासी बायकांना हाताशी धरून शिकविले. ही नवनिर्मिती कोणत्याही प्रयोगशाळेत झाली नाही. ग्राहक बदलला, तशी त्यांनी वस्तू बदलली. इथेही सरकारचा हात लागला, पण पुरस्कार, प्रदर्शने आणि भौगोलिक मानांकन अशा रूपाने. म्हणजे जे होते त्याला दार उघडून दिले.

आता बागपासून दूर, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बदनावर तालुक्यात भैंसोला येथे 'पीएम मित्र' या योजनेतले प्रचंड वस्त्रोद्यान होऊ घातले आहे. देशातल्या अशा सात उद्यानांपैकी ते एक. दुसरे आपल्या परिचयाच्या अमरावतीला. १७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. जमीन दोन हजार एकरांहून अधिक आहे. कापसापासून तयार कपड्यापर्यंत सारे एके ठिकाणी व्हावे हा उद्देश आहे. उद्देश उत्तम आहे. पण पीथमपूरच्या आरंभीही लोक असेच हर्षभरित झाले होते, आणि आपण तेव्हा काय केले? फाटकावर जाऊन अर्ज दिले. इतर कोणी तयार होते, म्हणून त्यांना जागा मिळाल्या. आपण तयार नव्हतो, म्हणून आपल्याला ठेकेदार मिळाला. भैंसोल्याच्या गिरण्यांना मागाचा तंत्रज्ञ लागेल, रंगाचे रसायन जाणणारा लागेल, शिवणयंत्रांच्या ओळीवर देखरेख करणाऱ्या बाया लागतील. बागच्या छपाईदाराचा मुलगा तिथे रंगशाळेत तपासनीस झाला तर त्याच्या आजोबांचे पाण्याचे ज्ञान आणि कारखान्याचे रसायन यांची गाठ पडेल. तो तिथे झाडूवाला म्हणून गेला तर मात्र दोन्ही विद्या एकमेकींना न भेटताच राहतील.

म्हणून निधीबाबत माझे मत सांगतो. विश्वस्तांना ते पटले नाही तरी हरकत नाही, पण त्यावर चर्चा व्हावी.

सभागृहाचा मजला पाच वर्षे थांबू शकतो. लग्ने अंगणातही चांगली होतात. बी. ए.च्या शिष्यवृत्त्या बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही, मी स्वतः तशाच मदतीवर शिकलो. पण नव्या निधीचा मोठा भाग मुलाला कारखान्याच्या आत, शिकण्याच्या जागेवर पोचविण्यासाठी ठेवावा. इंदूरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथे साचे आणि हत्यारे बनविण्याचे दीर्घ मुदतीचे शिक्षण मिळते. असा शिकलेला मुलगा ठेकेदाराच्या वहीत सहसा जात नाही. त्या शिक्षणाची फी आपल्या घरांना जड जाते आणि इंदूरला राहण्याचा खर्च त्याहून जड जातो. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. त्याखाली कारखान्यात उमेदवारी करणाऱ्याला जे विद्यावेतन मिळते त्यात खोलीभाडे आणि डबा भागत नाही, म्हणून आपली मुले पहिल्या दोन महिन्यांत ती सोडून ठेक्यावर चार पैसे जास्त मिळतात तिथे जातात. वडिलांना मी दोष देत नाही, घर चालवायचे असते. ही तफावत ट्रस्टने भरून काढली तर मुलगा उमेदवारी पुरी करील. रक्कम मोठी नाही. मी काही घरांचा हिशेब मांडला आहे, तो चिटणीसांकडे दिला आहे.

मुलींविषयी वेगळे सांगतो, कारण सभेनंतर कोणी तरी हे विचारणारच आहे. भैंसोल्याला बायकांना मोठ्या संख्येने काम मिळेल असे सांगितले जाते. त्यांनी शिवणयंत्रावर बसावे एवढेच आपण मनात धरले तर त्या शिवणयंत्रावरच राहतील. माझ्या शाळेतल्या दहावीच्या मुलींत रसायनशास्त्र मुलांपेक्षा बरे असणाऱ्या अनेक आहेत. त्यांना रंगरसायनाच्या किंवा वस्त्रतंत्राच्या पदविकेला पाठवायचे तर वसतिगृहाचा आणि येण्याजाण्याचा प्रश्न सोडवावा लागेल, आणि तो पैशाइतकाच घरच्या मंडळींच्या मनाचा आहे. इथे बसलेल्या बुजुर्गांनी आणि विशेषतः आयाबहिणींनी तो उचलावा.

आणखी एक लहान सूचना. आपल्यापैकी जे लोक आज पीथमपूरला, देवासला टर्नर, फिटर, ओतारी, इलेक्ट्रिशियन म्हणून पक्के आहेत, काही तर निवृत्त झाले आहेत, त्यांची यादी कोणाजवळही नाही. ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या अहवालात देणगीदारांची नावे सनावळीसह आहेत, पण कोणत्या घरात कोणते कसब आहे याची नोंद नाही. सभागृहाच्या दारापाशी मी एक वही ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने तिच्यात आपले नाव, गाव, आणि कोणते यंत्र किती वर्षे चालविले ते लिहावे. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांच्यासाठी माझे दोन विद्यार्थी तिथे बसले आहेत. शाळेला सुटी लागली की या यादीतल्या पाचसहा जणांना आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांपुढे बसवावे, एवढी व्यवस्था मी शाळेच्या खोलीत करून देतो. मुख्याध्यापकांची परवानगी घेतलेली आहे.

वही दाराच्या उजव्या हाताला आहे.